राहता पत्ता

१० एप्रिल, मंगळवार

सकाळी १५/९.

ही वही डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब लिहायला दिली. "रोज दोन आकडे लिहा व्हिसी, शेवटची शून्यं गाळा, बाकी काही नको," म्हणाल्या. पण एवढी कोरी पानं नुसत्या आकड्यांवर कोण फुकट घालवतं?

आज कोपऱ्यावर लॉज चालवणारा फेर्मीन दारात येऊन उभा राहिला. जिन्यावरचा दिवा मालकांनी तोडल्यापासून माझ्याकडे येणारं प्रत्येक माणूस आधी शिव्या देतं, मग नमस्कार करतं.

"व्हिसी, माझ्या गिऱ्हाइकांना पहिल्या दिवशी गाव दाखवशील?"

"मी? मी चाळीस वर्षं कार्निवलवाल्यांचे कपडे शिवले. मला इतिहास-बितिहास येत नाही."

"इतिहास असतो त्यांच्या फोनमध्ये. त्यांना बोलणारं माणूस हवंय. तुझी जीभ तशीही फुकटच चालते, तिला जरा कामाला लाव."

हो म्हटलं. घरात बोलायला आहे कोण? तळमजल्यावरची मंडळी गेली, वरचा म्हातारा गेला, समोरची बाई मालकांनी दिले तेवढे पैसे घेऊन गेली. पाच घरांच्या इमारतीत मी एकटी उरले आहे. मूळ मालक डॉन एलादियो देवमाणूस होता. त्याचे पुतणे सेव्हियाला असतात, त्यांना इथे प्रवाशांसाठी खोल्या काढायच्या आहेत. पण क्रिस्पीनने, माझ्या नवऱ्याने, त्या काळी केलेला करार जुन्या कायद्यातला आहे. मरेपर्यंत घर माझं. अट एकच, मी त्यात राहिलं पाहिजे. मरायला मी तयार नाही, आणि राहायला तर मी राहतेच आहे. बसा म्हणावं वाट बघत.

१३ एप्रिल, शुक्रवार

१६/९. मीठ कमी करायचं राहूनच जातंय.

उद्या पहिला पाहुणा. उत्तरेकडच्या थंड बुर्गोसचा आहे, निवृत्त शिक्षक, बायको वारलेली. फेर्मीन म्हणाला की त्याने आपणहून विचारलं, "याच गल्लीतलं कोणी जुनं माणूस मिळेल का? त्या तेवीस नंबरातलं वगैरे?" माझीच इमारत! बुर्गोसपर्यंत माझी कीर्ती कशी पोचली कोण जाणे.

पण काय दाखवू? मी जन्मले तेव्हापासून हे कादिस असंच आहे, तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूने नातेवाईक. त्यात बघण्यासारखं काय आहे ते बाहेरच्या माणसालाच ठाऊक.

रेग्लाला फोन केला. तिला आवडलं नाही.

"आई, लोकांसमोर काहीही बरळू नकोस हं."

"मी कधी बरळते?"

"तू श्वास घेतेस तेव्हा. बरं ऐक, रविवारी आल्बाला सांभाळायला येशील ना? माझी हॉटेलची पाळी आहे आणि चानोची मॅच."

नातीसाठी कधीही येते म्हटलं. माझी एकुलती एक लेक. चार शब्द ऐकवते, पण गरज लागली की पहिली आठवण माझीच.

केस रंगवले. जरा जास्तच काळे झालेत.

१४ एप्रिल, शनिवार

संध्याकाळी १६/१०, पण आज चालले किती!

पार पडला पहिला दिवस. आणि झकास पार पडला.

दहाच्या ठोक्याला तो लॉजच्या दारात उभा. डॉन ग्रेगोरियो. साठीच्या पुढचा, कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज रेडिओवरच्यासारखा. मास्तर लोक पाहिले की मला ओळखू येतात, दोन मिनिटांत समोरच्याची चूक काढतात. याने दिवसभरात माझी एकही चूक काढली नाही. गप्प राहून ऐकण्याची कला पुरुषात मी पहिल्यांदाच पाहिली. क्रिस्पीन गप्प असायचा, पण तो ऐकत नसायचा.

आधी मंडईत नेलं. मासळीवालीने लांबूनच आरोळी ठोकली, "व्हिसी, हा कुठे गळाला लागला? ताजा आहे का?"

"बुर्गोसचा आहे, बर्फातला!" मी म्हटलं.

सगळा बाजार हसला, तोही हसला. मग कॅथेड्रल. आतमध्ये छताखाली जाळी लावली आहे, खारट हवेने दगडाचे कपचे पडतात म्हणून. "देवालासुद्धा या गावात डोक्यावर काही पडेल याची धास्ती," मी सांगितलं. हे वाक्य काल पाठ करून ठेवलं होतं. त्याने मान डोलावली, पण वर पाहिलं नाही. व्यापाऱ्यांच्या गच्चीवरचे मनोरे दाखवले, तिथून जहाजांवर नजर ठेवायचे म्हणून. तिकडेही याचं लक्ष नाही.

"दगडं तर आमच्याकडेही आहेत, बाई," तो म्हणाला. "मला माणसं कशी राहतात ते बघायला आवडतं. तुम्ही कुठे राहता?"

लाजायचं काय त्यात, घेऊन गेले. दारातल्या टपालपेटीचा त्याने फोटो काढला. पेटीचं झाकण आणि माझ्या नावाची पट्टी दोन हिवाळ्यांमागे वादळी वाऱ्याने नेली. मी म्हटलं, "यात काय सुंदर दिसलं तुम्हाला?" तर म्हणाला, "जुन्या वस्तूंचा नाद आहे." कागदपत्रं आताशा रेग्लाच्याच पत्त्यावर येतात, त्यामुळे पेटी दुरुस्त करायची कधी गरज पडली नाही, हेही त्याला सांगितलं.

वर येऊन बसला. थंड वाइन दिली, ऑलिव्ह दिले.

"एवढ्या अंधारात राहता?"

"ऊन घरात घेऊन त्याला काय जेवायला वाढायचंय? आमच्याकडे खिडक्या दुपारभर बंदच असतात. आणि संध्याकाळी मी खाली खुर्ची टाकून बसते, दिवा कशाला लावू? माझं विजेचं बिल बघाल तर हसाल."

बघू म्हणाला. मी दाखवलं. खरोखर हसला. "माझ्या बहिणीला दाखवतो, ती बल्ब जाळत बसते," असं म्हणून त्याचाही फोटो काढला. काटकसरीची कदर करणारा पुरुष! असली रत्नं सगळी उत्तरेला वाटली आणि आमच्या वाट्याला चानोसारखे जावई.

मग कालेताच्या किनाऱ्यावर. तळलेली मासळी कागदात घेतली आणि भिंतीवर पाय सोडून बसलो. खाली बायका टेबल मांडून सोंगट्या खेळत होत्या. त्याने बायकोची गोष्ट सांगितली. शेवटचे सहा महिने तिला भरवावं लागायचं. ऐकताना मला भरून आलं. मीही क्रिस्पीनचं सांगितलं. मग एकातून एक निघत गेलं.

"मुलीकडे जाता का राहायला?" त्याने विचारलं.

"उन्हाळ्याचे दोन महिने. हॉटेलांचा हंगाम असतो ना, तेव्हा नातीला कोण बघणार? तुम्हाला गंमत सांगू? कागदावर तर मी बाराही महिने तिकडेच असते!"

"ते कसं?"

मग सांगितलं. तीन वर्षांपूर्वी खाडीपलीकडे एल पुएर्तोत नगरपालिकेची घरं निघाली. तिघांच्या कुटुंबाला दोन खोल्या, चौघांच्या कुटुंबाला तीन, आणि घरात म्हातारं माणूस असलं की यादीत नंबर वर. रेग्ला नगरपालिकेत गेली, रहिवाशांच्या यादीतलं माझं नाव इथून काढून तिकडे नोंदवलं, घर मिळालं. त्यात काय एवढं? या गावात सगळेच करतात. कोणी शाळेसाठी, कोणी पार्किंगसाठी. अर्ध्या कादिसची नावं एका घरात झोपतात आणि माणसं दुसऱ्या.

दिवसभरात तो पहिल्यांदाच मनापासून हसला.

"कोणाला सांगू नका हं," मी म्हटलं.

"मी कोणाला सांगणार, बाई?"

मासळीचे पैसे तो द्यायला लागला. मी त्याचा हात धरला. पाहुण्याने पहिल्या दिवशी खिशात हात घातला तर आम्ही तोंड कुठे लपवायचं? मीच दिले.

परतताना त्याच्या कोपरावर हात ठेवला होता. दगडी रस्ता आहे, पाय घसरतो. बाकी काही नाही.

१५ एप्रिल, रविवार

उद्याही फिरायचं म्हणाला होता. पण सकाळच्या गाडीने गेला. फेर्मीनकडे माझ्यासाठी मिठाईचा डबा ठेवला आहे, चिठ्ठी नाही. बहिणीचं काही असेल.

आल्बाला सांभाळायला बोटीने गेले. मिठाई तिने आणि चानोच्या भावाने मिळून संपवली. तो अजून तिसऱ्या खोलीतच आहे, बायकोशी भांडून आल्यापासून. मी सोफ्यावर पडले तर म्हणाला, "मावशी, जरा पाय आवरा, मॅच लागलीय."

६ मे, रविवार

१४/९. वा!

एक जर्मन जोडपं झालं, एक बिल्बाओच्या चार बायका झाल्या. ठीक. डॉन ग्रेगोरियोसारखं ऐकणारं कोणी नाही.

११ जून, सोमवार

आकडा घेतला नाही. घेऊन काय करू?

कोर्टाचा कागद आला. इथे नाही, रेग्लाच्या पत्त्यावर. त्यांनी तिथेच पाठवला. तिने फोनवर वाचून दाखवला. मी करार मोडला म्हणे. घरात राहत नाही म्हणे. पुरावे जोडले आहेत: नगरपालिकेची नोंद, विजेचं बिल, नाव नसलेली टपालपेटी, बंद खिडक्यांचे सोळा फोटो. आणि एक साक्षीदार, परवानाधारक गुप्तहेर. ग्रेगोरियो नावाचा.

मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं.

"आई, तू त्याला सगळं सांगितलंस?"

"मला काय ठाऊक? मास्तर आहे म्हणाला."

"देवा रे! आमच्या घराचं पण सांगितलंस?"

गोगलगाय आणि पोटात पाय! माझ्या पैशाने मासळी खाल्ली मेल्याने. काट्यासकट घशात का नाही अडकली? बायको तरी खरी मेली होती का, की तीही पगारात धरलेली? रडू त्याचं येत नाही. मी केस रंगवले होते त्याचं येतं.

१४ जून, गुरुवार

सरकारने दिलेली वकील, लुसेनाबाई, पोरगेलीशी आहे. तिच्या टेबलावर फायलींचा ढीग आणि त्यावर अर्धवट खाल्लेलं सँडविच. पण हुशार वाटली.

"नाव कुठे आहे हे एक, आणि माणूस कुठे राहतं हे दुसरं," ती म्हणाली. "लॉजवाले साक्ष देतील ना? देऊ देत. पण ते तुम्हाला काम देतात, त्यांचं वजन कमी. खरी साक्ष तुमच्या मुलीची. तिने एवढंच सांगायचं की आई नावापुरती आमच्याकडे आहे, राहते कादिसलाच. मग केस जिंकलो."

"एवढंच ना? मग झालंच," मी म्हटलं.

लुसेनाबाई सँडविच गुंडाळत म्हणाल्या, "मुलीला आधी विचारा."

लेकीला कसलं विचारायचं!

२ जुलै, सोमवार

विचारलं. रेग्ला भांडी घासत होती, घासतच राहिली.

"बघते आई काय बोलायचं ते."

"बघायचं काय त्यात? जे आहे ते सांगायचं."

चानो मध्ये पडला. "सासूबाई, तुम्ही नेहमी आधी बोलता आणि मग दुसऱ्यांनी विचार करायचा."

मी त्याला म्हटलं, तू विचार करतोस हे पहिल्यांदाच ऐकते. तो उठून गेला. रेग्लाने पाठ न वळवता विचारलं, यंदा उन्हाळ्यात येणार की नाही? लुसेनाबाईंनी निकालापर्यंत घर सोडू नका म्हणून बजावलंय, तेव्हा नाही येत म्हटलं.

"मग आल्बाला कोण बघणार?"

"तिचा काका आहे की तिसऱ्या खोलीत."

तिने नळ मोठा सोडला. दमलेली असते बिचारी. पण म्हणाली ना, बघते म्हणून. माझी लेक आहे, वेळेला उभी राहील.

२५ ऑगस्ट, शनिवार

१७/१०.

सगळा उन्हाळा खिडक्या उघड्या ठेवल्या. दिवे दिवसासुद्धा चालू. घरात नुसती भट्टी. वरात निघून गेल्यावर घोडं सजवतेय, कळतं मला. खाली खुर्ची टाकून बसले तर येणारे-जाणारे प्रवासी माझाही फोटो काढतात. आता प्रत्येकाकडे संशयाने बघते. फेर्मीनला सांगून टाकलं, गाव दाखवणं बंद.

रेग्ला दोन महिन्यांत एकदाच आली. तीही आल्बाचा स्वेटर न्यायला.

१५ ऑक्टोबर, सोमवार

उद्या तारीख. लेकीने फोन उचलला नाही, पण निरोप पाठवला: "येते. दहाला." बघा. मी उगीच वाईटसाईट विचार करत होते.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

जसं झालं तसं लिहिते. नंतर आठवताना मी स्वतःच काहीतरी गोड करून ठेवीन.

न्यायाधीशबाई चष्मा कपाळावर लावणाऱ्या. पुतणे दोन्ही आले होते, माझ्याकडे बघून मान लववली, मयतीला आल्यासारखी. पहिला बोलला तो ग्रेगोरियो. तोच आवाज, तोच शर्ट. "बाईंनी मला स्वतःहून सांगितलं," असं अकरा वेळा म्हणाला. खोटं एकही नाही. हेच तर वाईट. एकच गोष्ट त्याने सांगितली नाही, की मासळी मी खाऊ घातली.

फेर्मीन घाम पुसत म्हणाला, रोज संध्याकाळी ही खाली बसते, साऱ्या गल्लीला टोमणे मारते, हिचं घर हेच. त्यांच्या वकिलाने विचारलं, ही तुमच्याकडे काम करत होती ना? झालं. वजन कमी.

मग रेग्ला. हॉटेलचा काळा गणवेश घालूनच आली होती, ओठांना रंग. शपथ घेतली. लुसेनाबाईंनी हळू आवाजात विचारलं, "तुमची आई कुठे राहते?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"आमच्याकडे. एल पुएर्तोला. तीन वर्षं झाली."

लुसेनाबाईंनी पुन्हा विचारलं. ती तेच म्हणाली. त्यांच्या वकिलाने काही विचारलंच नाही, गरजच काय होती?

मागच्या बाकावर चानो बसला होता. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. तिने खरं सांगितलं असतं तर खोट्या नोंदीचा कागद सरळ नगरपालिकेकडे गेला असता, आणि तीन खोल्यांचं घर हातचं गेलं असतं. हे मला सोडून सगळ्यांना जूनपासून कळत होतं. त्या सँडविचवालीलासुद्धा.

न्यायाधीशबाईंनी मला उभं केलं. चष्मा डोळ्यांवर ओढला. "बाई, मुलगी शपथेवर सांगते ते खरं आहे का?"

मला तिचा इतका राग आला की सांगता सोय नाही. क्रिस्पीन ज्या पलंगावर गेला तो पलंग, ज्या खिडकीत तिला कडेवर घेऊन मी ताप उतरायची वाट बघत उभी राहायची ती खिडकी, सगळं तिने एका वाक्यात देऊन टाकलं. खोटं बोलतेय म्हणायचं, बस. एक शब्द. घर माझं राहिलं असतं. आणि आल्बाचं पांघरूण, पुस्तकं, शाळा, सगळं रस्त्यावर. शपथेवर खोटं बोलल्याबद्दल रेग्लाचं काय झालं असतं ते वेगळंच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"खरं आहे," मी म्हटलं.

लुसेनाबाईंनी फाईल मिटली. निकाल यायचाय, पण पुतण्यांनी तिथेच एकमेकांचे हात हातात घेतले.

बाहेर पायऱ्यांवर वारा सुटला होता. चानो गाडी आणायला म्हणून लांब जाऊन उभा राहिला. रेग्ला माझ्या गळ्यात पडून रडली. पोटापासून रडली, नाटक नव्हतं ते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझा हात आपोआप फिरतो, त्याला अक्कल नाही.

"आई, मी दुसरं काय करू शकत होते, सांग ना?"

"काही नाही."

"चानोचा भाऊ कुठे जाईल? आल्बाला एक खोली हवी, ती आता मोठी होतेय. सोफ्यावर तुझी कंबर धरते, तूच म्हणतेस."

"म्हणते खरी."

तिने डोळे पुसले, नाक पुसलं, केस नीट केले. मग खऱ्याखुऱ्या काळजीने, अगदी माझ्या क्रिस्पीनच्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत विचारलं, "मग आई, आता तू राहणार कुठे?"

दहा मिनिटांपूर्वी शपथ घेऊन सांगितलेला पत्ता तिच्या तोंडावर फेकायला माझ्या जिभेवर आला होता. उभ्या आयुष्यात मी न बोलता गिळलेलं ते पहिलं वाक्य.

"आल्बा शाळेतून सुटायची वेळ झाली," मी म्हटलं. "जा तू."

ती गेली. पुन्हा विचारलं नाही.